घरचे दफ्तर आणि संगणक

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात डोंबिवली येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या कार्यकारिणीने आम्हास आज बोलण्याची आज्ञा केली आणि विषयही नेमून दिला, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. वास्तविक संगणकाविषयी बोलण्याचा अधिकार आपल्या ज्ञातीतील तरुण इंजिनिअरांचा. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि हयात गेली ती खडू-फळ्याच्या सहवासात. तथापि आजचा विषय मुळात यंत्राचा नाही. तो घरातील कागदपत्रांच्या व्यवस्थेचा आहे. नोंदवह्या नीट ठेवणे हे शिक्षकाचे निम्मे काम असते. तेवढ्याच अधिकाराने आम्ही आपणापुढे उभे आहोत.

आपल्या ज्ञातीतील बहुतेक कुटुंबे दोन-तीन पिढ्यांमागे कोकणातून मुंबईस आली आणि पुढे चाळीतल्या खोल्या सोडून ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे स्थिरावली. कुटुंब जसजसे हलले, तसतसे त्याचे कागद निरनिराळ्या ठिकाणी जन्मास आले. आजोबांचा शाळेचा दाखला गावचा, वडिलांचा मुंबईचा, सातबारा तलाठ्याकडचा, घराचा दस्त दुय्यम निबंधकाच्या कचेरीतला, शेअर सर्टिफिकेट सोसायटीचे, विम्याची पॉलिसी आणखी कोठली. हे सारे कागद कोठे असतात? काही पत्र्याच्या पेटीत, काही कपाटाच्या चोरकप्प्यात, काही साडीच्या दुकानातून आलेल्या पिशवीत. आणि कोणता कागद कोठे आहे हे घरातील एकाच माणसास ठाऊक असते. तो माणूस आहे तोवर सर्व सुरळीत चालते. तो अंथरुणास खिळला किंवा निवर्तला, म्हणजे घरच्या मंडळींवर दुःखाबरोबर शोधाशोधीचेही संकट कोसळते.

या संकटाची किंमत किती असते ते पाहा. ज्या बँकखात्यात दहा वर्षे काहीच व्यवहार झाला नाही, त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेने २०१४ साली उभारलेल्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होते. वारसाचा हक्क त्यामुळे बुडत नाही. तो रक्कम मागू शकतो. अशा ठेवी शोधता याव्यात म्हणून २०२३ साली रिझर्व्ह बँकेने 'उद्गम' नावाचे संकेतस्थळही सुरू केले. परंतु वडिलांचे त्या बँकेत खाते होते हेच ज्या मुलास ठाऊक नाही, तो मुळात शोधू तरी का लागेल?

दुसरे उदाहरण आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे आहे. आपली ज्ञाति इतर मागासवर्गात मोडते. जातीच्या दाखल्यासाठी आणि पुढे त्याच्या पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, वडिलांकडील रक्ताच्या नातेवाइकाचा पुरावा मागितला जातो. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी हीच तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे, तर अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. म्हणजे बारावी होऊन इंजिनिअरिंगच्या दारात उभ्या असलेल्या नातवाचे भवितव्य पणजोबांच्या शाळेतील एका ओळीवर अवलंबून असते. शाळेत असताना आम्ही हे प्रतिवर्षी पाहिले आहे. जून महिना लागला की दूरदूरची माणसे जुन्या जनरल रजिस्टराचा उतारा मागण्यास येत, आणि आपल्या आजोबांनी शाळेत नाव घातले ते कोणत्या सालच्या सुमारास, हेही त्यांस सांगता येत नसे.

तिसरे संकट पाण्याचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. उल्हास नदीचे पाणी कल्याण, उल्हासनगर, बदलापूरच्या सखल वस्त्यांत शिरले. भांडीकुंडी पुन्हा घेता आली. पण पलंगाखालच्या पेटीतील शाईचे कागद धुऊन गेले ते गेलेच. त्यांची नक्कल मिळविण्यासाठी प्रथम एक गोष्ट लागते, ती म्हणजे हरवलेल्या कागदाचा क्रमांक, तारीख आणि तो देणारी कचेरी. ती नोंद दुसरीकडे असेल तरच नक्कल सुलभतेने मिळते.

म्हणून आमचे आजचे मुख्य म्हणणे इतकेच आहे: घरच्या कागदांचे ज्ञान एका माणसाच्या डोक्यातून काढून घरातील सर्वांना वाचता येईल अशा नोंदीत उतरविले पाहिजे. संगणक हे त्याचे एक सोयीचे साधन आहे.

ही कल्पना परकीय आहे असे कोणी समजू नये. दफ्तर हा शब्द जरी फारसीतून आला, तरी दफ्तर राखण्याची शिस्त महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलेली होती. गावचा कुलकर्णी जमाखर्चाचे कागद रुमालात बांधून ठेवी. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील निवडक कागद रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादिले आणि त्यांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. ते शक्य झाले याचे कारण कोणीतरी ते कागद बांधून, राखून ठेवले होते. आपल्या परिसरातच पाहावयाचे तर कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. ग्रंथालयात पुस्तक कपाटात एकाच जागी उभे असते. पण वाचक कधी लेखकाच्या नावाने, कधी पुस्तकाच्या नावाने, तर कधी विषयाने ते शोधतो. म्हणून एकाच पुस्तकाची तीन कार्डे करावी लागत. कागद एक आणि त्याकडे जाण्याच्या वाटा अनेक, हेच डेटाबेसचे मर्म आहे. डेटाबेस म्हणजे माहितीची नीट लावलेली कोठी.

आता कोणी विचारील, साधी वही का पुरत नाही? एकट्या माणसाचे वीस कागद असतील तर वही अवश्य पुरते, आणि त्याने संगणकाच्या नादी लागू नये. एक्सेलचा एक तक्ताही पुष्कळदा पुरतो. अडचण येते ती एका कागदाशी अनेक माणसे आणि एका माणसाशी अनेक कागद जोडलेले असतात तेव्हा. गावच्या सातबाऱ्यावर तीन भावांची नावे असतात. तक्त्यात तो कागद तीनदा लिहावा लागतो. मग एका ठिकाणी दुरुस्ती होते आणि दोन ठिकाणी राहून जाते. एक गोष्ट एकदाच लिहावी आणि बाकी ठिकाणी तिचा केवळ क्रमांक द्यावा, ही युक्ती १९७० साली आय. बी. एम. कंपनीतील एडगर कॉड या संशोधकाने एका निबंधात शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. आजचे बहुतेक डेटाबेस तिच्यावरच उभे आहेत.

शिक्षकांना ही युक्ती नवी नाही. हजेरीपटावरील मुलाचा क्रमांक दरसाल बदलतो. तुकडी बदलते, पत्ता बदलतो, क्वचित नावही बदलते. परंतु जनरल रजिस्टरात प्रवेशाच्या दिवशी मिळालेला क्रमांक मूल शाळा सोडून गेले तरी बदलत नाही आणि दुसऱ्या कोणास दिलाही जात नाही. दाखला, निकाल, हजेरी हे सारे त्या क्रमांकाशी बांधलेले असते. डेटाबेसमध्ये प्रत्येक व्यक्तीस आणि प्रत्येक कागदास असाच एक कायमचा क्रमांक द्यावयाचा असतो. कागद रद्द झाला तर ओळ पुसू नये. 'रद्द' असा शेरा मारावा, जसे रजिस्टरात शाळा सोडल्याचे लिहितात.

साधन कोणते घ्यावे? मायक्रोसॉफ्टचा 'अॅक्सेस' १९९२ सालापासून प्रसिद्ध आहे, पण तो विकत घ्यावा लागतो. 'लिबरऑफिस' हा २०१० सालापासून चाललेला संच विनामूल्य आहे आणि त्यात 'बेस' नावाचा डेटाबेस येतो. घरगुती कामास तो पुरेसा आहे. त्याच्या नेहमीच्या पद्धतीने काम करावयाचे तर संगणकावर 'जावा' ही जोडसामग्री असावी लागते. घरातील मुलाकडून ती एकदा घालून घ्यावी.

त्यात चार तक्ते करावेत. पहिला तक्ता व्यक्तींचा: क्रमांक, पूर्ण नाव, जन्मतारीख, आईचे नाव आणि लग्न झालेल्या स्त्रीचे माहेरचे नाव. दुसरा कचेऱ्यांचा: शाळा, बँक, तहसील, महापालिका, आणि त्यांचे पत्ते. तिसरा कागदांचा: क्रमांक, प्रकार, कोणत्या कचेरीचा, त्यावरील नंबर, दिनांक, मुदत संपण्याचा दिवस, मूळ प्रत की झेरॉक्स, आणि घरात ठेवल्याची नेमकी जागा. चौथा तक्ता छोटा पण सर्वांत मोलाचा; तो व्यक्ती व कागद यांस जोडणारा. त्यात व्यक्तीचा क्रमांक, कागदाचा क्रमांक आणि त्या कागदाशी त्या व्यक्तीचे नाते, म्हणजे धारक, सहधारक किंवा नॉमिनी, एवढेच असते. सातबारा एकदाच लिहिला जातो आणि तीन भावांसाठी या चौथ्या तक्त्यात तीन ओळी येतात.

या चौथ्या तक्त्यात आणखी एक रकाना आवर्जून ठेवावा: 'कागदावरील नाव'. एकच गृहस्थ शाळेत दत्तू, नोकरीत दत्ताराम आणि जमिनीवर दत्तात्रय असतो. आडनावाच्या जागी कोठे गावाचे नाव, तर कोठे जातीचे नाव लिहिलेले सापडते. जन्मतारखेचेही तसेच. जुन्या दाखल्यांवर असंख्य मुलांची जन्मतारीख १ जून असते, ही आमच्याच व्यवसायबंधूंची कृपा. नोंद करताना यातील काहीही आपल्या मनाने सुधारू नये. कागदावर जे आहे तेच जसेच्या तसे लिहावे. फरक कोठे आहेत हे आधीच कळले तर प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नावबदल इत्यादी उपाय सवडीने करता येतात; प्रवेशाच्या आदल्या दिवशी कळले तर केवळ धावपळ होते.

भगिनींच्या बाबतीत या व्यवस्थेचे महत्त्व विशेष आहे. विवाहानंतर नाव बदलते, पत्ता बदलतो, आणि त्यांचे कागद दोन घरांत विभागले जातात. पण व्यक्तिक्रमांक एकच राहिल्याने शाळेतील नाव आणि आजचे नाव ही एकाच व्यक्तीची आहेत हे नोंदीतच स्पष्ट राहते. लेकीच्या जातीचा पुरावा माहेरकडचा लागतो. वडिलोपार्जित मालमत्तेतही महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना मुलांच्या बरोबरीने हक्क दिला. तेव्हा लेक सासरी गेली म्हणून तिची ओळ बंद करू नये.

जागांच्या नावांविषयीही सावध असावे. आपल्या मालवण-कुडाळकडील कुटुंबांच्या जुन्या कागदांवर 'जिल्हा रत्नागिरी' असते, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला. त्याच वर्षी कुलाबा जिल्ह्याचे रायगड झाले. वसई-डहाणूकडील कागद ठाणे जिल्ह्याचे म्हणून लिहिलेले असतात. १ ऑगस्ट २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात आहे. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ सालची. त्यापूर्वीचे कागद जुन्या नगरपालिकांच्या नावाचे सापडतात. म्हणून 'कागदावरील जिल्हा' आणि 'आजचा जिल्हा' असे दोन रकाने करावेत. नक्कल मागण्यास कोठे जावयाचे, हे दुसरा रकाना सांगतो.

रकान्यांचा प्रकार ठरविताना एक नियम लक्षात ठेवावा. ज्याची बेरीज-वजाबाकी करावयाची ती संख्या. बाकी सर्व मजकूर. ४२१२०१ हा डोंबिवलीचा पिनकोड अंकांत असला तरी तो मजकूरच होय. गट नंबरात तर तिरकी रेघ आणि 'अ', 'ब' अशी अक्षरेही येतात. दिनांकासाठी मात्र दिनांकाचाच रकाना घ्यावा. वहीत ३१ जून लिहिता येतो. दिनांकाच्या रकान्यात तो बसत नाही. शिवाय तारखेप्रमाणे क्रम लावणे मग आपोआप साधते. मराठी टंकलेखन युनिकोडमध्येच करावे. पूर्वीच्या निरनिराळ्या फाँटांत लिहिलेला मजकूर दिसतो मराठी, पण शोधू जाता सापडत नाही. कागदाचा प्रकार आणि गावाचे नाव दर वेळी नव्याने न लिहिता ठरलेल्या यादीतून निवडावे, नाहीतर एकच गाव तीन प्रकारे लिहिले जाते आणि शोधात त्यातले एकच हाती लागते.

एवढे झाले म्हणजे कोठीस प्रश्न विचारता येतात. पुढील तीन महिन्यांत कोणत्या कागदांची मुदत संपते? त्यात नॉन-क्रिमीलेयरचा दाखला, वाहनाचा विमा, पासपोर्ट हे सारे एका यादीत येते. निवृत्तिवेतनधारकांचा नोव्हेंबरातील हयातीचा दाखलाही त्यात घालता येतो. कोणत्या ठेवीवर नॉमिनीच नाही? कोणता मूळ कागद कर्जापोटी बँकेत अडकला आहे? आणि सर्वांत महत्त्वाचे, आपल्या घराण्यातील १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे कागद कोणते आणि ते कोणाच्या घरी आहेत?

कामाची रीत अशी असावी. संगणक सुरू करण्यापूर्वी कागद जमिनीवर पसरून माणसाप्रमाणे गठ्ठे करावेत. कागदाच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक क्रमांक घालावा आणि क्रमाने फायलीत लावावे. जुना कागद लॅमिनेट करू नये. उष्णतेने त्याची हानी होते आणि तो पुन्हा मोकळा करता येत नाही. नंतर रोज पाच नोंदी कराव्यात. तीनशे कागदांचे घर दोन महिन्यांत पुरे होते. कागदांची छायाचित्रे डेटाबेसमध्ये कोंबू नयेत. ती वेगळ्या फोल्डरात ठेवून फाइलीस कागदाचाच क्रमांक द्यावा. नातवंडांचे कागद प्रथम नोंदवावेत, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या बालकांस जन्माचा दाखला हाच शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून लागणार आहे.

आता काही पथ्ये. बँकेचा पिन, पासवर्ड या कोठीत लिहू नयेत. आधारचे शेवटचे चार अंक पुरेत. पूर्ण क्रमांक कागदावर आहेच. 'बेस'मध्ये नोंद लिहून भागत नाही, तर उठण्यापूर्वी संपूर्ण फाइल जतन करावी लागते. तिची एक प्रत पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या घरी ठेवावी, आणि ते दुसरे घर त्याच नदीकाठचे नसावे. दरवर्षी दसऱ्यास, शस्त्रपूजेच्या दिवशी, संपूर्ण यादी छापून पहिल्या फायलीत लावावी. कारण संगणक बिघडेल, पण छापील यादी म्हातारीलाही वाचता येईल. आणि घरातील किमान दोघांस, त्यांत एक गृहिणी अवश्य, ही कोठी उघडता आलीच पाहिजे. एकट्याला कळणारा डेटाबेस हा एकट्याच्या स्मरणशक्तीहून फारसा निराळा नव्हे.

शेवटची विनंती भाऊबंदकीविषयी. आजोबांचा दाखला बहुधा थोरल्या काकांच्या घरी असतो, आणि जमिनीच्या बांधावरून बोलणे तुटले की तो कागदही धाकट्या घरास दुर्मिळ होतो. शेत वाटता येते, पण आजोबांच्या शाळेतील ओळ वाटता येत नाही. ती साऱ्या वंशाची आहे. वाद कितीही असो, अशा कागदाची प्रमाणित नक्कल भावास, पुतण्यास आणि लग्न झालेल्या बहिणीस मागताच द्यावी. हे सौजन्य म्हणून नव्हे, ते त्यांचे देणे आहे असे समजून.

मंडळाने मात्र सभासदांची खाजगी कागदपत्रे स्वतःकडे गोळा करू नयेत. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली स्वतंत्र कायदा केला आहे, आणि कायदा नसता तरी दुसऱ्याची पेटी सांभाळणे हे मंडळाचे काम नव्हे. मंडळाने रिकाम्या चार तक्त्यांची फाइल तयार करून सभासदांस द्यावी आणि महिन्यातून एक रविवार शिकविण्यासाठी ठेवावा. आपले तरुण संगणक शिकवतील, वडीलधारी मंडळी जुन्या दाखल्यांवरील मोडी व झिजलेली अक्षरे लावून देतील. दोन्ही पिढ्यांचे काम एकमेकांवाचून अडणारे आहे.

पुढील स्नेहसंमेलनापूर्वी प्रत्येक घराने निदान आपल्या सर्वांत जुन्या दहा कागदांस क्रमांक द्यावा, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.